जुनी मराठी कादंबरी संगणकावर कशी अभ्यासावी

डिजिटल मानव्यविद्या, म्हणजे साहित्य-इतिहासाचा संगणकाने केलेला अभ्यास, म्हटले की शब्दांचे रंगीत ढग आणि आलेख आठवतात. प्रत्यक्ष कामात आलेख काढायला एक दुपार पुरते. आधीचे दोन-तीन महिने जातात ते संहिता, म्हणजे मोजण्याजोगा शुद्ध मजकूर, तयार करण्यात, आणि मराठीच्या अभ्यासकाची खरी परीक्षा तिथेच असते. अनुस्वार ठेवायचा की काढायचा, 'माजघर' हे 'घर'मध्ये धरायचे की नाही, 'इकडून' म्हणजे दिशा की नाव न घेता उल्लेखलेला नवरा, हे निर्णय संगणक घेऊ शकत नाही. भाषा जाणणाऱ्यालाच ते घ्यावे लागतात.

पुढची कृती एकाच कादंबरीवर बेतली आहे: हरि नारायण आपटे यांची 'पण लक्षात कोण घेतो'. ती १८९० पासून 'करमणूक' साप्ताहिकात क्रमशः आली. निवेदन नायिका यमूचे, प्रथमपुरुषी, लेखन जुन्या वळणाचे. एकोणिसाव्या शतकातल्या कोणत्याही गद्याला हीच पद्धत लावता येईल.

प्रश्न मोजता येईल असा, पण वाचल्याशिवाय सुटणार नाही असा

'आपट्यांचा स्त्रीविषयक दृष्टिकोन' हा प्रश्न संगणकापुढे ठेवता येत नाही. 'घर हा शब्द किती वेळा आला' हा ठेवता येतो, पण त्याचे उत्तर कोणाच्या उपयोगाचे नाही. या दोहोंच्या मधला प्रश्न शोधा. उदाहरणार्थ: यमू 'घर' म्हणते तेव्हा ते माहेर असते की सासर, आणि कादंबरी पुढे जाते तसे हे प्रमाण बदलते का? यात शब्द सापडवणे हे यंत्राचे काम आणि प्रत्येक ठिकाणी अर्थ ठरवणे हे वाचकाचे. प्रश्न एका वाक्यात लिहून भिंतीवर लावा. पुढे जो शंभर वेळा निर्णय घ्यावा लागतो, तो या वाक्याकडे बघून घ्यायचा आहे.

प्रत निवडताना

भारतीय कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षे हक्क (कॉपीराइट) राहतो. आपटे १९१९ मध्ये गेले, तेव्हा मूळ मजकूर मोकळा आहे. नव्या आवृत्तीची प्रस्तावना, टिपा, चित्रे मात्र संपादकाची असतात, ती घेऊ नका.

हक्कापेक्षा मोठी अडचण वेगळी आहे. नंतरच्या आवृत्त्यांत प्रकाशकांनी लेखन आजच्या नियमांना धरून बदललेले असते, कुठे परिच्छेद तोडलेले असतात. म्हणून शक्य तितकी जुनी प्रत घ्या आणि आवृत्ती, साल, छापखाना, स्कॅन कुठून घेतला हे पहिल्याच दिवशी नोंदवा. इंटरनेट अर्काइव्हवर आणि मराठी विकिस्रोतावर जुन्या पुस्तकांचे स्कॅन मिळतात. उतरवून घेतल्यावर पाने मोजा, क्रमांक तपासा. एखादे पान दोनदा असणे किंवा मधली दोन पाने नसणे हे नेहमीचे आहे, आणि ते तिसऱ्या महिन्यात कळले तर सगळे आकडे पुन्हा काढावे लागतात.

स्कॅन आणि ओसीआर

स्वतः स्कॅन करणार असाल तर ३०० डीपीआय (इंचाला ठिपके) किमान, बारीक टाईप असेल तर ४००, आणि करड्या छटांत. थेट काळे-पांढरे करू नका, झिजलेल्या खिळ्याची पुसट मात्रा त्यात कायमची जाते. स्कॅनटेलरसारख्या मोफत साधनाने जोडपाने वेगळी करा, तिरकी पाने सरळ करा, कडेच्या सावल्या कापा. शिरोरेषा जरा जरी तिरकी राहिली तरी देवनागरीचा ओसीआर (चित्रातली अक्षरे ओळखून मजकूर करणारे साधन) बिघडतो, कारण अक्षरे वेगळी कशी करायची हे तो बरेचसे या रेषेवरून ठरवतो.

ओसीआरसाठी टेसरॅक्ट मोफत आहे आणि त्यात मराठीचे स्वतंत्र मॉडेल (मराठी मजकुरावर शिकवलेली अक्षरओळख) आहे. हिंदीचे लावू नका, 'ळ' आणि 'ऱ्य'मध्ये चुका वाढतात. कादंबरीचे पान साधे असते, म्हणून मांडणीच्या पर्यायांत ६ क्रमांकाचा, म्हणजे पूर्ण पान एकच मजकूर मानणारा, निवडा. त्याआधी पानाच्या माथ्यावरचे पुस्तकाचे नाव आणि पृष्ठांक कापून टाका. नाहीतर प्रत्येक पानागणिक शीर्षकातले 'लक्षात' आणि 'कोण' तुमच्या मोजणीत शिरतील.

हमखास होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत: घ आणि ध, भ आणि म, ब आणि व, थ आणि य, प आणि ष यांची अदलाबदल, 'ख'चे 'रव', रफार शेजारच्या अक्षरावर सरकणे, जुन्या वळणाचे 'अ' आणि 'झ' न ओळखणे. सर्वांत त्रासदायक अनुस्वार. शाईचा ठिपका अनुस्वार म्हणून वाचला जातो आणि खरा अनुस्वार गळतो. त्यात मॉडेल आजच्या लेखनावर शिकलेले, त्यामुळे 'नाहीं'चे 'नाही' करण्याकडे त्याचा ओढा असतो. निकाल नीटनेटका दिसतो, आणि म्हणूनच ही चूक मुद्रितशोधनात निसटते.

चुका किती आहेत हे अंदाजाने सांगू नका. पुस्तकाच्या वेगवेगळ्या भागांतून १० पाने निवडा, ती हाताने अचूक टंकित करा आणि ओसीआरशी ताडून पाहा. बदललेली, गळलेली आणि जास्तीची अक्षरचिन्हे यांची बेरीज भागिले बरोबर मजकुरातली एकूण चिन्हे, हा चुकीचा दर. काना-मात्रा धरून शब्द सरासरी सहा चिन्हांचा मानला, तर ५ टक्के दराने साधारण चारातला एक शब्द बिघडलेला असतो. १ टक्का असला तरी शंभरातले सहा शब्द. म्हणून एका कादंबरीच्या कामात पूर्ण मुद्रितशोधनाला पर्याय नाही. ३०० पाने आणि पानाला १५ मिनिटे म्हणजे ७५ तास. हे तास वेळापत्रकात मोकळेपणाने लिहा. हे काम विकिस्रोतावर केले तर स्कॅन आणि मजकूर शेजारी-शेजारी दिसतात. एकाने तपासलेले पान पिवळे होते, दुसऱ्याने पडताळले की हिरवे, आणि पुढच्या अभ्यासकाचे ७५ तास वाचतात. असे काम मागे ठेवण्याला कोणत्याही निबंधाइतकेच मोल आहे.

शोधन करताना अडलेला शब्द 'दुरुस्त' करण्याआधी मोल्सवर्थच्या किंवा दाते-कर्व्यांच्या कोशात पाहा. दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशिया ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर शोधता येतात. आपल्याला चूक वाटणारा शब्द पुष्कळदा १८९० चा चालू शब्द असतो.

दिसायला एक, आत दोन

पडद्यावर सारखे दिसणारे शब्द युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षर-संकेतांत, वेगळे असू शकतात, आणि शोध त्यांना वेगळे मानतो. मराठीत याचा सर्वांत मोठा बळी 'दुसऱ्या', 'सगळ्यांपुढे येणाऱ्या' अशा शब्दांतला अर्धा ऱ. तो दोन प्रकारे टंकित होतो: ०९३१ या संकेतांकाचा ऱ आणि हलन्त चिन्ह, किंवा साधा र, हलन्त चिन्ह आणि न दिसणारे जोडचिन्ह (संकेतांक २००डी). एनएफसी नावाचे युनिकोडचे सामान्यीकरण (सारख्या रूपांना एकच संकेत देणे) र आणि नुक्ता (अक्षराखालचा ठिपका) यांचा ऱ करते, पण या दोन रूपांना एकत्र आणत नाही. ते तुम्हालाच बदलून घ्यावे लागते, आणि क्रम महत्त्वाचा आहे: आधी जोडचिन्ह असलेले रूप ०९३१ मध्ये बदला, मग उरलेली अदृश्य चिन्हे काढा. उलटे केले तर अर्ध्या ऱ चा रफार होतो. 'दऱ्या'चा 'दर्या' आणि 'आचाऱ्यांना' वाढलेले जेवण 'आचार्यांना' अशी गत.

तसेच 'अंतःकरण'. टंकताना विसर्गाऐवजी अपूर्णविराम (:) वापरला गेला असेल तर शब्द 'अंत' आणि 'करण' असा तुटतो, आणि कादंबरीत 'अंत' किती बोकाळला आहे असा भास होतो. दोन्ही बाजूंना अक्षर चिकटलेले असे अपूर्णविराम शोधून विसर्ग करा. 'ॲ' हे अक्षरही तीन प्रकारे येते. ०९७२ हे एकच रूप ठरवा.

फाइल युटीएफ-८ या युनिकोड साठवण्याच्या पद्धतीत, प्रकरणागणिक एक, नाव क्रमांकाने: ००१, ००२. ओळीच्या शेवटी तुटलेले शब्द जोडून घ्या, पण पान कुठे संपते याची खूण ठेवा, तिची गरज शेवटी पडते.

अनुस्वाराचा प्रश्न

साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले. त्यापूर्वीच्या पुस्तकात 'कांहीं', 'नांव', 'घरांत', 'त्यानें', 'केलें' असे लिहिलेले असते. ही रूपे तशीच ठेवली तर आजच्या शब्दयाद्या आणि साधने चालत नाहीत. सरसकट काढली तर 'मुलांचे' आणि 'मुलाचे' एक होतात.

जवळून पाहा. आजच्या लेखनात 'घरात' एका घरात आणि 'घरांत' अनेक घरांत. जुन्या लेखनात दोन्हीला 'घरांत'. म्हणजे इथे कोणताही नियम चालत नाही, वाक्य वाचूनच ठरवावे लागते. उलट 'केलें' आणि 'केले' यांत जुने लेखन जास्त सांगते: पहिले नपुंसकलिंगी एकवचन, दुसरे पुल्लिंगी अनेकवचन. अनुस्वार काढला की ही माहिती गेली. आणि संवादात 'केलं', 'असं' येते तिथला अनुस्वार बोलण्याचा उच्चार दाखवतो, त्याला हात लावायचा नाही.

उपाय असा की दोन थर ठेवा. पहिला मूळ, छापल्याबरहुकूम, कधीही न बदलणारा. दुसरा सामान्यीकृत, म्हणजे लेखन एकसारखे केलेला, मोजणीसाठी. शब्दाच्या शेवटी ी, ू, े, ो यांवरचा अनुस्वार नियमाने काढता येतो. 'जेव्हां', 'केव्हां', 'आम्हां' यांसाठी शब्दांची यादी करा, नाहीतर 'हां'चा 'हा' होईल. शब्दाच्या मधल्या अनुस्वारालाही यादीच: नांव, गांव, पांच, कांही. 'घरांत'सारखे संदिग्ध शब्द वेगळ्या तक्त्यात काढून एकेक वाचा. तक्त्याला तीन रकाने पुरतात: मूळ रूप, सामान्य रूप, नियमाचा क्रमांक. 'कवि' आणि 'कवी', 'गुरु' आणि 'गुरू' यांचेही त्यातच भागते.

हे काम आपल्याकडे नवे नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत पानाच्या तळाशी पाठभेद दिले, जेणेकरून संपादकाचा निर्णय न पटणारा वाचक स्वतः दुसरा पाठ निवडू शकेल. तुमचा तक्ता म्हणजे तीच तळटीप. साहित्याभ्यासात डिजिटल पद्धतीचे स्थान मला सर्वांत आधी इथे, पाठचिकित्सेच्या शेजारी, दिसते.

शब्द कुठे तुटतो

आता मजकूर शब्दांत तोडायचा. इंग्रजीसाठी बनलेली बहुतेक साधने काना-मात्रेला अक्षर मानत नाहीत. पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या नेहमीच्या शब्द-शोधाला 'मराठी' दिले तर 'मर' आणि 'ठ' हातात येते, 'स्त्री'चे 'स', 'त', 'र' होतात. म्हणून शब्दाची व्याख्या स्वतः द्या: देवनागरीचा ०९०० ते ०९७एफ हा पट्टा, त्यातून दंड आणि अंक वजा. अँटकॉन्क हे शब्द शोधण्या-मोजण्याचे साधन वापरत असाल तर टोकन डेफिनिशनमध्ये (शब्दाच्या व्याख्येत) 'लेटर'बरोबर 'मार्क' या खुणेवर टिक हवीच. चाचणी सोपी आहे. 'स्त्री', 'दुसऱ्या', 'अंतःकरण', 'मराठी' हे चार शब्द असलेली फाइल द्या. यादीत बरोबर चार शब्द आले तर पुढे जा. वारंवारतेच्या यादीत वरच्या वीसात सुटे क, त, र दिसले तर थांबा, काहीतरी तुटले आहे.

मग 'घर'. मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला चिकटतात, म्हणून फक्त 'घर' शोधले तर घराचा, घरी, घरून, घरातला, घराबाहेर, घरच्यांनी हे सगळे निसटते. 'घर'ने सुरू होणारे सगळे मागितले तर घराणे, घरटे, घरंदाज येतात. मध्येही चालेल म्हटले तर माजघर, देवघर, स्वयंपाकघर. सुरुवातीला सगळे ओढून घ्या, वेगवेगळ्या रूपांची यादी काढा आणि प्रत्येकापुढे हो, नाही किंवा वेगळा गट असे लिहा. माझ्या मते या प्रश्नात 'माजघर'ला स्वतंत्र गट द्यावा. बायकांचे दिवस तिथे जातात आणि ते घर असूनही घराचा एक कोपराच आहे. मराठीसाठी प्रत्यय आपोआप तोडणारी साधने आहेत, पण ती आजच्या गद्यावर बेतलेली आहेत. एका शब्दासाठी हाताने केलेली यादी जास्त भरवशाची.

ओळी वाचा

आता प्रत्येक 'घर' दोन्ही बाजूंच्या सात-सात शब्दांसह एका ओळीत काढा आणि तक्त्यात घाला. शेजारी चार लेबले: माहेर, सासर, दुसऱ्याचे घर, ठरवता येत नाही. चौथे लेबल नसेल तर लेबल लावणारा ओढूनताणून ठरवतो. ओळींचा क्रम विस्कटून टाका आणि प्रकरणाचा क्रमांक झाका, कारण पुढे यमूचे काय होते हे माहीत असलेला वाचक नकळत त्या दिशेने लेबले लावतो. पहिल्या १०० ओळी दोघांनी वेगवेगळ्या बसून लावा. ८० पेक्षा कमी जुळल्या तर दोष ओळींचा नाही, नियमांचा आहे. जिथे मतभेद झाला त्या ओळी समोर ठेवून नियम पुन्हा लिहा.

कोण बोलते आहे हेही नोंदवा. सासू 'माझं घर' म्हणते ते यमूचे घर नव्हे. टीईआय या, संहितेत खुणा करण्याच्या ठरलेल्या पद्धतीने संवादांना खुणा करून बोलणाऱ्याचे नाव जोडता येते. निदान निवेदन आणि संवाद वेगळे करा. जुन्या छपाईत बंद करणारे अवतरणचिन्ह पुष्कळदा राहून गेलेले असते आणि मग उरलेले सगळे प्रकरण 'संवाद' ठरते. प्रत्येक फाइलमधली उघडणारी आणि मिटणारी चिन्हे मोजून पाहा.

पात्रांचे जाळे (कोणाचा कोणाशी संबंध याची आकृती) काढणाऱ्यांनी एक गोष्ट विशेष सांभाळावी. त्या काळी बायको नवऱ्याचे नाव घेत नसे. 'इकडून', 'तिकडून', 'स्वारी' असे म्हणायचे. नावे शोधून जाळे काढले तर निवेदन करणाऱ्या बायकोच्या सर्वांत जवळचा माणूस आकृतीत जवळजवळ दिसतच नाही. 'इकडे', 'इकडून' शोधले तर दिशा आणि नवरा एकाच यादीत येतात, आणि ते एकेक ओळ वाचूनच वेगळे होतात. भावना ओळखणारी तयार मॉडेल्सही इथे लावू नका. समाजमाध्यमांवरच्या आजच्या मजकुरावर शिकलेल्या यंत्राला सोवळ्यातली चीड कळत नाही.

आकडे

नुसती संख्या कधीही देऊ नका. समजा एका प्रकरणात ३,००० शब्दांत २४ वेळा 'घर' आले आणि दुसऱ्यात १,२०० शब्दांत १२ वेळा. दहा हजारांमागे पाहिले तर पहिले ८० आणि दुसरे १००, म्हणजे कमी वाटणारे जास्त आहे. लहान प्रकरणांत दोन-तीन वापरांनी आलेख उड्या मारतो, म्हणून सलग ५,००० शब्दांचे तुकडे करून पाहा. तुकड्याची सीमा हजार शब्द पुढे सरकवल्यावर चित्र बदलले, तर ते चित्र कादंबरीचे नाही, तुमच्या कात्रीचे आहे.

दोन लेखकांची शैली मोजून तुलना करायची असेल तर संहिता एकाच लेखन-वळणात आणलेल्या असायला हव्यात. एक पुस्तक जुन्या आवृत्तीतून आणि दुसरे १९६२ नंतरच्या आवृत्तीतून घेतले तर यंत्र त्यांना झटकन वेगळे करते, पण ते वेगळेपण मुद्रितशोधकाचे असते.

आलेखात जिथे उंचवटा किंवा खड्डा आहे, ती पाने उघडून सलग वाचा, सामान्यीकृत थरातून नव्हे तर स्कॅनमधून. प्रबंधात मुद्दा त्या वाचनातून मांडा आणि आकडा त्याला आधार म्हणून द्या. जिथे आकडा तुमच्या वाचनाच्या विरुद्ध गेला ती जागाही लपवू नका, बहुतेक वेळा प्रकरणातला सर्वांत चांगला परिच्छेद तिथेच मिळतो.

प्रबंधासोबत द्यायच्या गोष्टी: दोन्ही थरांच्या फाइली, नियमांचा तक्ता, 'घर'च्या रूपांची यादी, लेबले लावलेल्या ओळी, १० पानांवरचा चुकीचा दर आणि साधनांच्या आवृत्त्यांचे क्रमांक. पानांच्या खुणा ठेवल्या असतील तर प्रत्येक ओळीपुढे स्कॅनचा पृष्ठांक आपोआप येतो. तो तपासूनच द्या: कोणत्याही पाच ओळी निवडा, स्कॅन उघडा, आणि शब्द त्या पानावर खरोखर आहे का ते पाहा.